ताझागुलनं टँकर वळवला

ताझागुल आपाचा आवाज भिंतीपलीकडून आला की आमच्या कचेरीत चहा ओतणारा हात थांबायचा. पाणी तपासणारी बाई म्हणून तिला सगळा तालुका ओळखायचा. भांडकुदळ म्हणून जरा जास्तच. नुकूस शहरात रसायनशास्त्र शिकून ती आमच्या वाळूत परत आली होती. नवरा कामासाठी कझाकस्तानात गेला, तो तिकडचाच झाला. त्याच्याबद्दल ती चकार शब्द काढायची नाही. पाण्याबद्दल मात्र तिला थांबवता यायचं नाही.

कचेरीत ड्रायव्हर मी एकटाच. सकाळी तिची जीप, दुपारी गोड्या पाण्याचा टँकर. आम्ही गावोगाव फिरायचो. जंतू मरावेत म्हणून स्पिरिटचा बोळा पेटवून ती पंपाचं तोंड भाजून घ्यायची, थोडं पाणी वाहून जाऊ द्यायची, मग बाटली भरायची. पाणी खारट असणारच. आमच्याकडे चहात दूध घातलं की फाटतं, ते कुणी मनावर घेत नाही.

अक्कुम गावची नवी बोअर मात्र वेगळी निघाली. पाणी आमच्या मानानं चक्क गोड. लोक खूश. पण बाटली नाकाशी धरून आपा तिथंच उभी राहिली.

"अयाप, हुंग."

"मला तंबाखूशिवाय कशाचा वास येत नाही, आपा."

"कापसावर मारायचे त्या औषधाचा वास आहे हा."

बोअरच्या शेजारी जुनी धावपट्टी आहे. फवारणीची विमानं तिथून उडायची. विमानं गेली, उरलेल्या औषधाची पोती तिथंच खड्ड्यात ढकलली. हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. बोअरवाल्यांनी कुणाला विचारलंच नाही. त्यांचं यंत्र जिथवर रस्ता होता तिथवर गेलं, तिथंच भोक पाडलं.

आपानं बाटली मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आलं: विष आहे, पिऊ नये.

आमचे साहेब सार्सेनबाय आगा. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "फीत कापून महिना झाला नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या विहिरीची बाटली भरून आण आणि तिच्यावर अक्कुम लिही. कुणाला कळणार आहे?"

"तुमच्या नातीला पाजाल ते पाणी?"

"माझी नात इथं तालुक्याला राहते."

"तेच म्हणतेय मी!" आपा ओरडली. दार तिनं असं आपटलं की काच तडकली.

त्याच दुपारी तिनं अक्कुमच्या पंपाला साखळी घालून कुलूप ठोकलं. बायका कॅन घेऊन जमल्या. सगळ्यांच्या पुढं उलबोसिन आजी, गावातली सगळ्यांत तिखट जीभ.

"काय गं, तुझ्या घरी नळ आहे?"

"आहे, आजी."

"मग तुझं काय जातंय? इतकी वर्षं तंगडतोड करून खारं पाणी आणलं, आता कुठं दारात चांगलं आलं, तर तू कुलूप घालतेस?"

"यात विष आहे, आजी. पोरांची लिव्हरं खराब होतील."

"विषानं पुढं कधीतरी मरू. पाण्यावाचून आजच मरू. दुसरं पाणी आणलंयस का?"

आपा किल्ली मुठीत धरून माघारी फिरली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "म्हातारी बरोबर बोलली. तिचा राग येत नाही. मी रिकाम्या हातानं गेले, त्याचा येतोय."

दुसऱ्या दिवशी लोकांनी हातोड्यानं कुलूप फोडलं.

नेमकी त्याच आठवड्यात राजधानीतून बडी मंडळी येणार होती. हमरस्त्याच्या कडेला रातोरात रोपं उभी राहिली. मला हुकूम होता: रोज रोपांना पाणी घाल, उरलेल्यानं डांबर धुवून काढ. मी नळी धरून उभा होतो आणि आपा रस्त्यानं चालत आली.

"कुठलं पाणी हे?"

"शहराच्या टाकीचं."

"प्यायचं?"

"प्यायचंच."

तिचा चेहरा लाल झाला. नळी माझ्या हातातून ओढून तिनं खाली टाकली, केबिनमध्ये चढून बसली. "अक्कुमला वळव."

"आपा, माझी नोकरी जाईल!"

"सांग, तिनं जबरदस्ती केली. मी किती ओरडतेय ते सगळा रस्ता ऐकतोय."

मी वळवला. खरं सांगायचं तर मलाही त्या डांबराची चीड आली होती.

अक्कुमला कॅन, घागरी, पोरांच्या आंघोळीचे टप, जे हाताला लागलं ते घेऊन लोक धावले. उलबोसिन आजीनं ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसलं. "एवढं गोड? कुठं नेत होता हे?"

"रोपांना," मी म्हणालो. "आणि डांबराला."

आजीनं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. दुसऱ्या सकाळी अक्कुमच्या बायका हमरस्त्यावर त्या रोपांच्या ओळीत जाऊन बसल्या. प्रत्येकीपुढं रिकामा कॅन. मोटारी यायची वेळ झाली होती. सार्सेनबाय आगा धापा टाकत आले, हात जोडले.

आजी जागची हलली नाही. "आगा, आम्हालाही रोपंच समजा. घाला पाणी."

टँकर अक्कुमला जाईल, असं आगांनी तिथंच सगळ्यांसमोर कबूल केलं, तेव्हा बायका उठल्या. बोअरमध्ये सिमेंट ओतलं ते गावकऱ्यांनी स्वतः.

आपाची चौकशी झाली. सरकारी पाण्याची चोरी. "चोरी?" ती म्हणाली, "तक्रार कुणी केली? डांबरानं?" कुणी हसलं नाही. तिला काढून टाकलं. आता ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पाणी तपासणारा नवा माणूस वास न घेता बाटल्या भरतो.

परवा तिच्याकडे जेवताना मी म्हणालो, "टँकर जातोय ना आता? मग जरा शांत हो की, आपा."

ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तिनं ताटात आपटला. "आणि पोती? ती अजून त्याच खड्ड्यात आहेत. वारा सुटला की ती धूळ कुणाच्या घरात जाते? टँकरचं चाक पंक्चर झालं त्या दिवशी अक्कुमनं काय प्यायचं? शांत हो म्हणे!"

मी मान खाली घालून जेवत राहिलो. ती अजून बोलतच होती.