घरच्या माणसांना टेबल नाही

माझ्या आईला हॉटेलात जेवू घालणं किती अवघड आहे, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पैसे आहेत, गाडी आहे, मावळात हॉटेलांना तोटा नाही आणि आईला भूकही लागते. तरीही जमत नाही.

पहिली अडचण म्हणजे नाती. सोमाटण्यापासून कान्ह्यापर्यंत जुन्या हायवेने या, दर चार हॉटेलांमागे एक आमच्यातलं निघतं. कुणी चुलता, कुणी साडू, कुणी मावसभाऊ. रस्त्याकडेच्या वावरात आता भात लावत नाहीत, टेबलं लावतात. दारात बैलगाडीचं चाक, शेजारी फेटा बांधलेला पुतळा, वर ‘चुलीवरचं’ अशी भली मोठी पाटी, आणि आत गॅस. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पब्लिक तिथे नंबर लावून उभी असते.

आमची आई, नंदाबाई, कान्ह्यात राहते. जन्म भाकरी थापण्यात गेला. सासू-सासरे, दीर, आमचे आबा, आम्ही भावंडं, सगळ्यांना तव्यावरची भाकरी ताटात. आबांना तर भाकरीचा पापुद्रा उचलला की वाफ दिसली पाहिजे, नाहीतर ताट बाजूला सरकवतात. आणि आई सगळ्यांचं झाल्यावर परातीला चिकटलेलं पीठ खरवडून त्याची एवढीशी चानकी करणार, ती तव्यावर टाकून ओटा पुसणार, भांडी गोळा करणार, आणि चानकी पार गार झाली की भांड्यातल्या उरल्या कालवणाबरोबर खाणार. मी लहानपणापासून हेच बघत आले. लग्न होऊन तळेगावला आले, नोकरीला लागले, आणि एक दिवस डोक्यात बसलं की आईला एकदा टेबलावर बसवून, दुसऱ्या कुणी केलेली गरम भाकरी पहिल्यांदा तिच्या ताटात पडलेली बघायची. बाकी काही नको. एवढंच.

पहिल्यांदा गेलो ते कामशेतच्या अलीकडे, गोरखच्या हॉटेलात. गोरख माझा मामेभाऊ, म्हणजे आईच्या माहेरचंच हॉटेल. तिला आवडेल असं मला वाटलं. एवढी अक्कल मी चालवली. रविवार होता. निघायच्या आधी आईने आबांच्या भाकऱ्या थापून फडक्यात गुंडाळून ठेवल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आम्ही खुर्ची ओढली न ओढली तोच गोरख धावत आला.

“आत्या, तू हितं कुटं बसतीस या पब्लिकमधी? तू काय परकी हायेस व्हय? आत चल.”

आईचा चेहरा खुलला. ती उठलीसुद्धा. मी म्हटलं, “गोरख, आम्ही जेवायला आलोय.” तो म्हणाला, “मग जेवायलाच आत चल म्हनतोय ना. बाहेरचं टेबल मोकळं ऱ्हाऊ दे, गर्दी लय हाये.”

आत म्हणजे स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी, तांदळाच्या पोत्यावर. घरची माणसं आत बसतात आणि घरची माणसं शेवटी जेवतात, ही आमच्याकडची रीत. लग्नातही तीच आणि हॉटेलातही तीच. त्यात त्या दिवशी भाकरीवाली बाई आलीच नव्हती. गोरखची बायको राजेश्वरी एकटी परातीला भिडलेली, कपाळाचा घाम दंडाला पुसत होती. मी पाणी प्यायला वळले. परत बघते तर आईच्या बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या आणि हात पिठात.

ती चार वाजेपर्यंत भाकऱ्या थापत होती. बाहेर लोक तिच्या भाकरीचे फोटो काढत होते. आम्ही जेवलो ते सगळ्यात शेवटी, आणि आईने काय खाल्लं असेल ते सांगायला नको. निघताना राजेश्वरीने तिची ओटी भरली. आई गाडीत म्हणाली, “किती मानानं वागिवलं गं पोरांनी.” मी गाडीची काच खाली केली. बोलले असते तर फार बोलले असते.

मग मी ठरवलं, जिथे आम्हाला कुत्रंही ओळखत नाही अशा जागी जायचं. लोणावळ्याला गेलो. मोठं हॉटेल, दारात वही घेतलेला माणूस, बाहेर खुर्च्यांवर ताटकळलेली कुटुंबं. आमचं नाव पुकारेपर्यंत आईने शेजारच्या बाईची सगळी माहिती काढून ठेवली होती. आत बसलो. पिठलं-भाकरी मागवली. वेटर दूरच्या कुठल्याशा राज्यातला, भला माणूस. आईने त्याला विचारलं, “दादा, तुमी जेवला का?” त्याला ते कळलं नाही. तो आणखी एक पाण्याची बाटली घेऊन आला.

भाकरी आली ती चकचकीत कागदात गुंडाळलेली. आईने कागद उघडला, भाकरीला बोट लावलं आणि हळूच म्हणाली, “सकाळची हाये.”

मी वेटरला बोलावणार होते. आईने माझा हात धरला. “असू दे. त्याचा काय दोष? गारच सवय हाये मला.” आणि तिने ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. एवढं लोणावळ्यापर्यंत जाऊन, नंबर लावून, मी तिला पुन्हा गार भाकरीच खाऊ घातली होती. ओळखीच्यांत गेलं तर ती रांधते आणि अनोळखी लोकांत गेलं तर शिळं खाते. मधलं काही या मुलखात शिल्लक आहे की नाही?

तेव्हा मी हट्टाला पेटले. गोरखला फोन केला. सांगितलं, “मंगळवारी येतेय, गर्दी नसताना. आत येणार नाही. पोत्यावर बसणार नाही. गिऱ्हाईक म्हणून येणार, गिऱ्हाईक म्हणून जेवणार.”

तो हसला. मी हसले नाही. मग म्हणाला, “तुमची मर्जी, ताई.” एरवी तो मला नुसतं ‘अने’ म्हणून हाक मारतो.

मंगळवारी आम्ही खिडकीपाशी बसलो. गोरख गल्ल्यावर होता, पण जागचा उठला नाही. त्याने वेटरकडून मेनूकार्ड पाठवलं. आई खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी बसली होती.

“गोरख रागावलाय,” ती म्हणाली.

“रागावू दे.”

“माझ्या भावाचं पोर हाये ते. त्याच्या दारात मी पाव्हनी हून बसले.”

“आई, तू आज बसायचंस. मी हात जोडते.”

ताटं आली. मटणाचा रस्सा, कांदा, लिंबू. मग आतून थापण्याचा आवाज आला, आणि वेटर भाकरी घेऊन आला. तव्यावरून थेट. टम्म फुगलेली. त्याने ती आईच्या ताटात ठेवली. आईने पापुद्रा फोडला, वाफ वर आली आणि तिचा हात सवयीने अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटाकडे निघाला.

“आई,” मी इतक्या जोरात म्हटलं की गल्ल्यावरून गोरखने मान वर केली.

तिने हात मागे घेतला. तुकडा मोडला. बोटं भाजली तशी फुंकर घातली. खाल्ला. मग दुसरा. मी माझ्या ताटाला हातही लावला नव्हता. तिसऱ्या तुकड्याला ती म्हणाली, “तुझ्या वक्ताला खाल्लीती अशी.”

“माझ्या वेळेला?”

“बाळंतपनाला आलेवते ना हितं. आई थापायची, मी खायची. तवा हॉटेल कुटलं, घर हुतं. चूल तितंच हुती, फ्रीज ठिवलाय ना त्यानं, तितं.” तिने आतल्या दाराकडे पाहिलं. “त्यानंतर न्हाई.”

म्हणजे माझ्या वयाएवढी वर्षं. राग कुणावर काढायचा ते कळेना. आबांवर, गोरखवर, की तिच्यावरच.

तिने भाकरी संपवली, रस्सा संपवला. हात धुवायला उठली. ती येईना तेव्हा मला कळायचं ते कळलं. मी तरातरा आत गेले. आज तरी तिला ओढून बाहेर आणायची, असं ठरवूनच गेले.

तांदळाच्या पोत्यावर राजेश्वरी जेवत बसली होती. अवघडलेली, मान खाली. आई परातीपाशी. गोरख दारात उभा होता.

“आत्या, तिचं मागनं झालं असतं,” तो म्हणाला.

“मागनंच हुतं रं समद्यांचं,” आई म्हणाली. “गरम हाये तवर खाऊ दे तिला.”

तिने तव्यावरची भाकरी उचलून राजेश्वरीच्या ताटात टाकली. राजेश्वरीने पापुद्रा उचलला. गोरख गल्ल्यावर निघून गेला. आईला ओढून न्यायला आलेली मी तिथेच उभी राहिले.

परातीत थोडं पीठ उरलं होतं. आईने ते खरवडलं, चानकी थापली, तव्यावर टाकली, भाजली आणि काढून कट्ट्यावर स्वतःच्या बाजूला ठेवली. मग ती परात धुवायला वळली.

मी ती चानकी उचलली. “अगं, ती ऱ्हाऊ दे, मी खाईन,” आई म्हणाली. मी ऐकलं नाही. तिथेच उभ्याने खाल्ली. दोन घासांत संपली.

एवढीशीच असते ती. पोट भरत नाही.