या दसऱ्याला भिंती तशाच

बोलता बोलता बाई उजव्या हाताचं एक बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांबा." समोर कोण आहे याचा मुलाहिजा नसे. शाळा तपासायला आलेला साहेब असो, वांगी विकायला आलेली माळीण असो, की सायकलवरून धुळीत माखून आलेला माझ्यासारखा हिवतापाच्या फवारणीचा निरीक्षक असो, ते बोट वर झालं की गप्प राहायचं.

पहिल्या भेटीत मी त्यांना डासांविषयी सांगत होतो. अंडी कुठे घालतात, भिंतीवर कसे बसतात, सगळं पाठ केलेलं. मध्येच बोट वर गेलं. माझं काही चुकलं असं वाटून मी थांबलो. कुंपणाकडून सायकलच्या चाकात काडी अडकावी तसा टिक् टिक् आवाज येत होता.

"आला," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"पाहुणा. थिरथिरा. आता पाऊस गेला समजा."

"काल तर धो धो पडला, बाई."

"तो निरोपाचा. जाणारं माणूस दारात उभं राहून जास्त बोलतं, तसा."

मग मला तो दिसला. चिमणीएवढा, वरून काळा, पोटाशी भाजलेल्या विटेच्या रंगाचा. काटेरी कुंपणावर बसून शेपटी सारखी थरथरवत होता. तुम्हीही पाहिला असेल. दसऱ्याच्या सुमाराला परसात येतो, होळीपर्यंत राहतो आणि एक दिवस दिसेनासा होतो. मी तोवर तिशी ओलांडली होती आणि तो पक्षी मला कोणी दाखवला नव्हता.

ही गोष्ट साठ सालच्या आसपासची, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. वणीहून मुकुटबनच्या वाटेला लागलं की पुढे एक गाव होतं. बाई तिथल्या प्राथमिक शाळेत होत्या. माहेर यवतमाळचं, वडील कचेरीत. नवरा लवकर गेला आणि मागे बहीणही गेली. बहिणीची मुलगी सुमी बाईंकडे वाढत होती. शाळेला लागूनच मातीच्या भिंतींची दोन खोल्यांची जागा, पुढे पडवी आणि मागे परसबाग. बागेत हादगा, पपई, शेवंती आणि भेंडीची एक ओळ. ही भेंडी बाईंनी कधी वेळेवर तोडली नाही. ती जून व्हायची, आणि मग तिच्यावर कोण कोण येऊन बसतं ते बघत बाई उभ्या राहायच्या.

सकाळी प्रार्थना झाली की त्या मुलांना विचारायच्या, "आज काय नवं?" आश्विनात या प्रश्नाला फार भाव यायचा. कोणी सांगायचं, नाल्यावर पांढऱ्या तुऱ्यांची कास फुलली. कोणी सांगायचं, ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला. तुरीच्या पिवळ्या फुलाची बातमी यायची, गवतावरच्या कोळ्याच्या जाळ्यांत दव दिसल्याची यायची. एकदा मी तिथे असताना एक पोरगं उठून म्हणालं, "बाई, आमच्या बकरीले दोन पिल्लं झाले."

"ते शरदातलं नाही रे."

"पण रात्रीच झाले नं बाई."

"बरं, बस. घेऊ तेही."

माझ्या सायकलवरही त्यांचा राग होता. "साहेब, चेनला तेल घाला. तुम्ही मुकुटबनहून निघाले की इथली पाखरं उडतात." माझ्याबरोबर फवारणीच्या कामावर दौलत होता, जवळच्या तांड्यावरचा. तो लगेच म्हणाला, "बाई, आमचे साहेब आले की माणसं बी पळून राह्यले, पाखरायचं काय घेऊन बसल्या." बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

पण आश्विन नुसता कासेचा आणि दवाचा नसतो. जुनी माणसं शरदाला वैद्याची आई म्हणत, ते उगीच नाही. त्या भागात पाऊस ओसरला की डबक्यांत डास व्हायचे आणि घराघरात माणसं गोधड्या पांघरून कुडकुडायची. पोरांची पोटं पानथरीनं, म्हणजे प्लीहा वाढून, फुगलेली. त्याच दिवसांत संध्याकाळी मुली भुलाबाई मांडायच्या. बाईंच्या पडवीत मातीचे भुलोजी-भुलाबाई बसवलेले असायचे, गाणी व्हायची, आणि शेवटी डब्यातली खिरापत कोणती ते ओळखायचं. त्या पहिल्या वर्षी मी पडवीच्या कडेला बसलो होतो. मुली "खोबरं का? चिवडा का?" असं ओरडत होत्या. आतल्या खोलीतून सुमीचा आवाज आला, "मावशी, मले आणून दे ना." ती तापानं फणफणलेली होती. बाई डबा घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मुलींनी खिरापतीविनाच एक गाणं आणखी म्हटलं.

वणीच्या डॉक्टरांनी सुमीला तपासून बाईंना स्पष्ट सांगितलं. पुढच्या वर्षी असाच ताप आला तर पोरीच्या अंगात झुंजायला काही उरणार नाही.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर मी फवारणीची फेरी घेऊन गावात गेलो. बाईंनी दार अडवलं नाही, पण उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"शाळा फवारा. आतल्या खोल्या फवारा. पडवी सोडा."

पडवीतल्या आढ्याला चिमण्यांची घरटी होती. भिंतीवरच्या तसबिरींच्या मागेही होती. थिरथिरा आला की दुपारी उन्हाच्या वेळी पडवीत शिरायचा, माश्या-किडे टिपायचा. ते मला ठाऊक होतं. पण पडवी सोडली तर सगळं व्यर्थ, हेही ठाऊक होतं. संध्याकाळी मुलं तिथेच बसायची, सुमी तिथेच निजायची.

"बाई, डास माणसाला चावतो आणि जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. ती भिंत पडवीचीच असणार."

"चिमण्यांना काही होईल का?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. मला शिकवलं होतं ते भांडी झाका, धान्य झाका, पाळणा बाहेर काढा, इथपर्यंत. पाली आणि मांजरं मरतात अशी कुजबुज मी दुसऱ्या गावांत ऐकली होती. ती मी त्यांना सांगितली. लपवलं नाही. आज कधी कधी वाटतं, लपवलं असतं तर बरं झालं असतं. मग दोष सगळा माझाच झाला असता. सांगितल्यामुळे निवड त्यांना करावी लागली.

बाईंनी आत सुमीकडे पाहिलं. ती पाटीवर काहीतरी गिरवत बसली होती. मग त्या स्वतः स्टुलावर चढल्या आणि एकेक तसबीर काढून दौलतच्या हातात दिली. "जपून. मागे पिल्लं आहेत."

दौलतनं ती घरटी हादग्याच्या बेचक्यात ठेवून पाहिली. चिमण्या तिकडे फिरकल्या नाहीत. त्या आढ्याकडेच येत राहिल्या.

फवारा मारून काम संपत नसे. आमचं खरं भांडण दसऱ्याशी होतं. आपल्याकडे नवरात्राआधी घर सारवायचं आणि भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, ही रीत. आम्ही पावसाळ्यात भिंतीवर औषध मारायचो आणि ऐन तापाच्या दिवसांत बाया त्यावर मातीचा हात फिरवायच्या. औषध मातीखाली जायचं. भिंत सुंदर दिसायची आणि डास तिच्यावर सुखानं बसायचे. गावोगाव हेच. मी पुष्कळ सांगायचो. बाया मान डोलवायच्या आणि माझी पाठ वळली की पोतेरं भिजवायच्या.

त्या वर्षी बाईंनी शाळेच्या अंगणात बायांना बोलावलं. मी बाजूला उभा होतो.

"या दसऱ्याला भिंती तशाच," त्या म्हणाल्या. "कोणी हात लावायचा नाही."

पाटलाच्या घरची म्हातारी पुढे बसली होती. ती म्हणाली, "वा वो बाई. दसऱ्याले घर पोतारलं नाई तं लक्ष्मी येईन का?"

"लक्ष्मीचं मला माहीत नाही, आजी. पोरी राहतील."

"अन् त्या फवाऱ्याचे डाग? पाहुणे काय म्हणतीन?"

"माझ्या पडवीत येऊन पाहा. तुमच्यापेक्षा जास्त डाग आहेत."

म्हातारी उठता उठता म्हणाली, "तुम्ही आपल्या पडवीत मारू देल्लं, म्हणून आयकतो. नाई तं साहेबाचं कोण आयकते."

हे खरं होतं. बाईंनी पडवी दिली म्हणून गावानं भिंती दिल्या. त्या दसऱ्याला त्या गावातल्या भिंती मळकट राहिल्या, दारावर तोरणं मात्र लागली. इतरत्र माझं काम वाया जात होतं आणि इथे टिकलं होतं. मी खूश होतो. ते खूश असणं आठवलं की आजही मला ओशाळल्यासारखं होतं.

चिमण्या आधी गेल्या. रोज सकाळी पडवी झाडताना एखादी सापडायची, असं दौलतनं मला नंतर सांगितलं. बाईंनी सांगितलं नाही. पाली आढ्यावरून पडल्या. परसात साळुंक्या यायच्या, त्या कमी झाल्या. आमच्या औषधानंच झालं असं छातीवर हात ठेवून मला आजही म्हणता येत नाही. त्या वर्षी पाऊसही वेडावाकडा पडला होता. पण दुसरं कारण मी शोधत बसतो, यावरूनच काय ते समजावं.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी मी शाळेत पोचलो. प्रार्थना नुकतीच संपली होती. बाईंनी विचारलं, "आज काय नवं?"

एक मुलगी उड्या मारतच उठली. "बाई, पाहुणा आला. तुमच्या पडवीत नाचून राह्यला."

"नाचून?"

"व्हय ना. गोल गोल."

सगळी मुलं पडवीकडे धावली. बाई मागून चालत गेल्या, मी त्यांच्या मागे. थिरथिरा जमिनीवर होता. शेपटी तर हलतच होती, पण तिच्याबरोबर पंख, मान, पाय, सगळं अंग थरथरत होतं. तो एका कुशीवर पडायचा, उठायचा, स्वतःभोवती फिरायचा. मुलं टाळ्या वाजवत होती. सुमी सगळ्यांत पुढे होती. गाल भरलेले, आवाज खणखणीत. भुलाबाईचं गाणं म्हणत होती त्याच्या नाचावर.

बाईंनी मुलांना थांबवलं नाही. बोट वर केलं नाही. हलक्या आवाजात म्हणाल्या, "चला, वर्गात चला. त्याला नाचू द्या." मुलं गेली. त्या खाली बसल्या आणि पदरानं त्याला झाकून घेतलं. पदर थोडा वेळ हलत होता.

मी काहीतरी बोलायला गेलो.

"सुमीला या वर्षी ताप नाही, साहेब," त्या पदराकडे बघत म्हणाल्या. "एकदाही नाही."

बस, एवढंच. त्या आश्विनात गावातली अंथरुणंही बहुतेक रिकामी होती. कोजागिरीला बाईंच्या पडवीत भुलाबाई झाली, सुमीनं सगळ्यांची खिरापत आधी ओळखली. बाई टाळ्या वाजवत होत्या. बघणाऱ्याला त्यांच्यात काही फरक दिसला नसता.

त्यानंतर फवारणीला मी जायचो तेव्हा बाईंचं घर तयार असायचं. भांडी बाहेर, तसबिरी बाहेर, अंथरुणं बाहेर. मला काही सांगावं लागत नसे. दसऱ्याआधी त्या बायांना बोलावून तेच सांगायच्या, तितक्याच ठामपणे. फक्त प्रार्थनेनंतर त्या आता थेट पाढे घ्यायच्या. एखादं पोरगं आपण होऊन सांगायचं, "बाई, कास फुलली." त्या म्हणायच्या, "हो का. छान."

एकदा मला राहवलं नाही. पडवीत चहा घेताना मी म्हणालो, "बाई, माझ्यामुळे हे सगळं..."

"तुमच्यामुळे सुमी आहे," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवला. "आणि ते दुसरंही तुमच्यामुळेच. खोटं कशाला बोलू. दोन्ही तुम्ही घेऊन जा साहेब. मला एकटीला नाही उचलत."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

पुढच्याच वर्षी त्यांनी दिग्रसला बदली मागून घेतली. मी गावात गेलो तेव्हा जागेत नवे गुरुजी राहत होते. परसातली भेंडी त्यांनी कोवळी असतानाच तोडली होती.

परवा वणीच्या बसस्टँडवर एक तरुण बाई माझ्याकडे बघत उभी होती. हातात पिशवी, सातव्या-आठव्या महिन्याचं पोट. "तुम्ही फवाऱ्यावाले साहेब ना? मी सुमी." मी तिला ओळखलं नसतं. सासर वणीजवळच होतं. बाई गेल्या, तिनं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात, दिग्रसलाच. अंगावर काढलं, कोणाला सांगितलं नाही.

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग ती म्हणाली, "काका, एक विचारू? दिग्रसला जुन्या शाळेतली एक पोरगी भेटली होती. ती म्हणे, मावशीले पाखरांचा लई नाद होता. मले तं काहीच आठवत नाही. मावशी कधी बोललीच नाही त्यावर. खरंच होती का हो तिथे पाखरं?"

बस लागली होती. कंडक्टर ओरडत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मावशीची एखादी गोष्ट मिळेल म्हणून. मला बाईंचं 'दोन्ही तुम्ही घेऊन जा' आठवलं.

"होती थोडीफार," मी म्हणालो. "सगळीकडे असतात तशी. तुझ्या मावशीला शाळेचा नाद जास्त."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "बरं, येते काका." आणि पोट सांभाळत, दांड्याला धरून, चांगली घट्ट पावलं टाकत बसमध्ये चढली.