कुंडीखालची ताटली

धायरीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे काका रोज सकाळी छत्री घेऊन फिरतात, पाऊस असो वा नसो. छत्रीच्या टोकाने ते प्रत्येकाच्या कुंडीखालची ताटली कलंडवतात आणि साठलेलं पाणी, शक्यतो मालकाच्या चपलेवर, सांडतात. "डास पाळायचेत तर बेडरूममध्ये पाळा," एवढंच बोलतात. माणसांशी त्यांचं संभाषण याहून लांबत नाही.

पार्किंगमधल्या बोक्याला मात्र ते अहोजाहो करतात. "तुमचा का हो?" असं विचारलं तर म्हणतात, "छे! आमची ओळख नाही."

काल ते माझ्या स्कूटरमागे उकिडवे बसलेले सापडले. बोक्याच्या मानेवरचे केस बाजूला सारून औषधाचे थेंब सोडत होते. "अहो, हलू नका. झालंच आता." तेवढ्यात मी दिसले आणि आवाज बदलला. "काय बघताय? डास चावले तर यांच्या हृदयात जंत होतात. म्हणून हे औषध."

"अय्या! आम्हाला वाटायचं, आम्हाला डेंग्यू होऊ नये म्हणून तुम्ही ताटल्या उपड्या करता."

"तुमच्यासाठी?" काकांनी छत्री उचलली. "तुम्हाला हात आहेत."