स्वतःच्याच आवाजाला दचकणारी ज्योत

खिडक्यांचे काळे पडदे खाली आले आणि खेळ सुरू झाला. लांबलचक टेबलावर माणसाएवढी काचेची नळी आडवी. एक तोंड उघडं, दुसऱ्याला रबरी बूच. शेजारी नळीकाका, श्वास रोखून. कॉलेजच्या या प्रयोगशाळेतल्या साऱ्या नळ्या त्यांनीच आयुष्यभर काच वितळवून, तुकड्याला तुकडा जोडून घडवलेल्या. हल्ली मात्र त्यांचे हात कापत. चहा प्यायला घेतला की बशी आधी बोलू लागे.

प्रयोग करणाऱ्या तरुण मॅडमनी नळीत गॅस आणि हवा भरली, उघड्या तोंडाशी काडी लावली. निळी ज्योत आत शिरली, संथ चालीने निघाली. निम्म्या वाटेत नळी घुमू लागली. ज्योत थरथरली, चुरगळली, फाटली आणि विझली.

"तिसरी नळी वाया!" काका खाली बसले. "नळीचा सांधा वाकडा जातोय माझ्याकडून. माझ्या जागी दुसरा माणूस बघा."

"नळीला काय धाड भरलीय, काका? ज्योतीचा आवाज बुचावर आपटून परत येतो आणि ज्योतीलाच हलवतो. ती हलली की आवाज आणखी वाढतो."

"म्हणजे तीच ओरडते आणि तीच दचकते?"

"अगदी!"

काकांनी डोकं खाजवलं. पोरगी आपली समजूत काढतेय, दुसरं काय!

मॅडमनी एक पडदा किंचित वर केला आणि त्यांची नजर काकांच्या पिशवीवर गेली. "त्यात चकाकतंय काय?"

"भांड्यांची घासणी. तारेची. बायकोने मागवलीय."

"आणा इकडे. आवाज हिच्यात अडकेल."

बूच काढून मॅडमनी घासणी त्या टोकाला कोंबली, बूच परत बसवलं. पुन्हा गॅस, पुन्हा काडी. नळी तीच, सांधेही तेच. ज्योत निघाली, निम्मी वाट ओलांडली, आणि गुपचूप पार घासणीपर्यंत जाऊन निवली. घुमणं नाही की थरथर नाही.

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हात अजून कापतच होते. मग त्यांनी बूच काढून काळवंडलेली घासणी चिमटीने बाहेर ओढली, पडद्याखालच्या उजेडात नेली, उलटसुलट करून पाहिली.

"उद्याची नळी मीच जोडतो, मॅडम. पण आवाज ज्योतीमुळे आणि ज्योत हलते आवाजामुळे, तर आधी खोडी काढली कोणी? आणि घरी हे ध्यान घेऊन गेल्यावर मी सांगू तरी काय?"