ताईची तिरकी नजर

सुहासचा फोन आला तेव्हा मी वीर स्टेशनवर उतरून महाडच्या रिक्षात बसत होते. "मावशी, आई गेली. पहाटे, झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मला रडू आलं नाही. राग आला. आम्ही दोघी बहिणी दोन वर्षं बोललो नव्हतो, आणि आता ती कायमचीच न बोलता गेली होती...

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत तिला दिलेली. आमची आई लवकर गेली, म्हणून मी तिच्याच घरी राहून शिकले. पावसाळ्यात ओढा भरला की ती मला हाताला धरून पलीकडे पोचवायची आणि मगच लावणीला जायची. मी पुढे महाडला शिक्षिका झाले. ती मला बहिणीपेक्षा आईच जास्त होती.

दोन वर्षांपूर्वी महाडला नात्यात एक लग्न होतं. ताई समोरच्या रांगेत बसलेली. मी तिच्यापुढे जाऊन हसत उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि शेजारच्या बाईशी बोलू लागली. चार नातेवाइकांदेखत. मी एक शब्दही न बोलता मागे फिरले.

महिन्याने मन मोठं करून तिच्या घरी गेले. ताई तांदूळ निवडत बसली होती.

"बस गो," ती म्हणाली. पण बघत होती माझ्या कानाशेजारून, भिंतीकडे.

"ताई, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकायचंय? काय नाय."

"मग माझ्या तोंडाकडे का बघत नाहीस?"

ती एकदम म्हणाली, "ती कोंबडी घरात शिरते बघ, हाकल तिला." कोंबडी तिच्या डाव्या हाताला, पार दारात होती. म्हणजे दारातली कोंबडी हिला दिसते आणि समोर बसलेली बहीण दिसत नाही. मी चहा न घेता उठले. नंतर नात्यात सगळीकडे सांगत सुटले की ताईला आता माझी किंमत नाही.

तेराव्याला सुहासने मला मागच्या पडवीत नेलं. "मावशी, आईला माणसांचे चेहरे दिसत नव्हते. तीन वर्षं झाली."

आधी मोतीबिंदू समजून ऑपरेशन केलं, तरी फरक पडेना. मग पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे झिजत चाललाय. झिजलेलं परत येत नाही. नीट बघायला गेलं की नेमकं तिथेच धुरकट डाग, पण कडेचं दिसत राहतं. म्हणून ती मान वळवून बघायची. कोंबडी दिसली ती कडेला होती म्हणून. आणि मी... मी बरोबर मध्ये होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"आईने शपथ घातलेली. म्हणाली, तिला कळलं तर ती मला महाडला नेईल, नि मी तिच्या दारात आंधळी होऊन बसेन. ते मला जमायचं नाय."

मला वाढवलं तिने, आणि तिला सांभाळायची वेळ आली तेव्हा मलाच परकं केलं. त्या दिवशी भिंतीकडे बघत बसली, डोळ्यांबद्दल एक वाक्य बोलली नाही. मी तिच्याबद्दल नाही नाही ते बोलत राहिले आणि तिने मला बोलू दिलं. हे मला अजून माफ करता येत नाही. तिला, की मला, तेही नीट सांगता येत नाही.

निघताना सुहास चाचरत म्हणाला, "मावशी, डॉक्टर म्हणाले होते, सख्ख्या भावंडांनीही डोळे तपासून घ्यावेत." तीन वर्षं हेही माझ्यापासून लपवलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी तपासून घेतलं. माझ्या पडद्यावर बारीक पिवळे ठिपके आहेत. आत्ता भीती नाही, पण लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले.

परवा ताईचं स्वयंपाकघर आवरायला गेले. तांदळाच्या डब्याच्या वर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, डोळ्यांचे डॉक्टर देतात तसा चौकटींचा एक कागद चिकटवलेला होता, मध्ये काळा ठिपका. रेषा वाकड्या दिसतात का, ते रोज एकेक डोळा झाकून बघायचं. कागदाच्या कडा धुराने पिवळ्या पडलेल्या, आणि मधला ठिपका तिच्या बोटाने चाचपून चाचपून पुसट झालेला. ताई माझ्याहून बुटकी. मी गुडघे थोडे वाकवले, डावा डोळा तळहाताने झाकला आणि ती जिथे उभी राहायची तिथे उभी राहिले.