गव्हाणीत डोकं घालणाऱ्या आक्का

चाऱ्याच्या गव्हाणीत स्वतःचं डोकं घालून मगच ती पसंत करणारं गिऱ्हाईक माझ्या वेल्डिंगच्या दुकानात एकच आलं. आक्का. येवल्याजवळच्या एका खेड्यात त्यांच्या दहा-बारा मेंढ्या आणि चार शेळ्या होत्या. दुकानापुढं उकिडव्या बसून त्या गजांमधून डोकं आत घालायच्या, मान इकडेतिकडे फिरवायच्या. रस्त्यावरची माणसं थांबून हसायची. आक्का सावकाश बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, “मेंढीला बोलता येत नाय, मिस्त्री. म्हून मी आत जाऊन बघते.”

पहिली गव्हाण त्यांनी दोनदा परत आणली. आधी ती उंच झाली होती. वरून भुसा पडून एका मेंढीचे डोळे सुजले. नंतर पाला खाली सांडून पायदळी जात होता, म्हणून मी खाली पत्र्याचा ट्रे जोडला. तरी आक्कांनी प्रत्येक जोडावरून पदर फिरवला. एका जागी तो अडकला. “हितं कातडी फाटंल,” म्हणाल्या आणि मी ग्राइंडर मारेपर्यंत हलल्या नाहीत. आयुष्यभर गेट आणि ग्रिल बनवलेला मी. मनातून चांगलाच चिडलो होतो.

पुढं त्यांच्या बचत गटानं एकदम बावीस गव्हाणी घ्यायचं ठरवलं. शहरातून एक विक्रेता रंगीत, चकचकीत नमुना घेऊन आला. बाया भुलल्या. आक्कांनी मलाही माझी गव्हाण घेऊन बोलावलं होतं.

“गज लय जवळ हायेत. शिंगाची शेळी अडकंल,” आक्का म्हणाल्या.

“मावशी, इंजिनिअरनं काढलेलं डिझाइन आहे हे.”

“त्याला शिंगं नसतील,” आक्का म्हणाल्या आणि आपली शिंगाळी शेळी घेऊन आल्या.

शेळीचं डोकं आत गेलं ते सहज. बाहेर मात्र येईना. ती ओरडायला, धडका द्यायला लागली. विक्रेता मागं सरला. आक्कांनी तिची हनुवटी उचलली, डोकं तिरपं केलं आणि अलगद सोडवलं. मग तिला माझ्या गव्हाणीवर आणलं. शेळीनं निवांत घास खाल्ला, मान काढून घेतली. खाली काडी सांडली नव्हती.

“मिस्त्री, बावीस व्हतील का?” आक्कांनी सगळ्यांदेखत विचारलं. मी लगेच होकाराची मान हलवली.

गव्हाणींचा टेम्पो गावात शिरला तेव्हा बायांनी आक्कांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि टाळ्या वाजवत मागून चालल्या. आक्का लाजून पदरात हसत होत्या. एवढा अभिमान मला माझ्या कुठल्याच कामाचा वाटला नव्हता.

आक्कांना जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा नामपूरहून एक अहिराणी बोलणारा शेतकरी दुकानात आला.

“आक्का गव्हाण शे का?”

मी चमकलो. “आक्का कोण, ठाऊक आहे?”

“मोठी कंपनी शे ना?”

“हो,” मी म्हणालो, “फार मोठी.”