डावरे उशिरा पिकतात

बेसबॉलचा सामना चालू असताना काकूंचा डावा खांदा जागेवर राहत नसे. तिकडे अमेरिकेत पिचरनं हात मागे नेला की इकडे सिंगापूरच्या जुरोंग ईस्टला, आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये, काकूंचा खांदा हळूच खाली जायचा. चेंडू सुटला की वर यायचा. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना उचकी लागली आहे. आणि चेंडू वाया गेला की समोरचा चहा जरा पुढे सरकवून त्या म्हणायच्या, "असू दे. डावरे उशिरा पिकतात."

परदेशात मुलाकडे राहायला आलेली म्हातारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ब्लॉकखाली फेऱ्या मारतात, गावाकडच्या फोनची वाट बघतात, भाजी महाग झाली म्हणतात. काकू हे सगळं करायच्याच. पण त्यांचं वर्ष बेसबॉलच्या सीझनबरोबर एप्रिलात उघडायचं आणि सप्टेंबरात मिटायचं. उरलेले महिने त्या नुसते काढायच्या.

आमची ओळख एका शनिवारी सकाळी झाली. मी कॉफी घ्यायला उतरलो होतो. कोपऱ्यातल्या टेबलाशी सुती साडी नेसलेल्या एक बाई चहाच्या कपाला फोन टेकवून बसल्या होत्या आणि फोनला अस्सल मराठीत सांगत होत्या, "अरे मेल्या, वर नको! खाली टाक, खाली!"

मला राहवलं नाही. "काकू, कुठली मॅच?"

त्यांनी मान वर केली नाही. "क्रिकेट नाही. पण मराठी आहात, तर बसा."

मी बसलो. त्या दिवशी मला एवढंच कळलं की पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त तो धावत येत नाही, मातीच्या उंचवट्यावर उभा राहून फेकतो. मोठ्या लीगच्या खाली लहान लीगची उतरंड असते. पोरं तिथे वर्षानुवर्षं झिजतात आणि वरून बोलावणं यायची वाट बघतात. काकू बघत होत्या तो सामना असाच कुठल्यातरी लहान गावातला होता. मैदानात प्रेक्षक तुरळक होते. तिथे संध्याकाळ होती आणि आमच्याकडे सकाळ.

"यातला तुमचा कोण?" मी गमतीनं विचारलं.

"तो. डावरा," काकू म्हणाल्या. त्यांनी त्याचं खरं नाव माझ्यासमोर क्वचितच घेतलं, म्हणून मीही घेत नाही.

काकू लग्नाआधी आणि नंतर बरीच वर्षं सांगलीला शाळेत शिकवत होत्या. मग काकांना अमेरिकेत एका लहान गावातल्या कारखान्यात नोकरी लागली आणि घर तिकडे गेलं. मुलगा पुढे शिकायला बाहेर पडला. त्याची खोली रिकामी झाली. त्या गावच्या संघातल्या खेळाडूंना पगार बेताचा, भाडं परवडायचं नाही, म्हणून गावातली कुटुंबं सीझनपुरती एकेकाला घरी ठेवून घेत. बदल्यात तिकिटं फुकट मिळत. काकांना तिकिटांचा मोह झाला आणि एक दिवस दारात एकोणीस वर्षांचा, हडकुळा, काळासावळा मुलगा बॅग घेऊन उभा राहिला. कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरून आलेला. त्याला इंग्रजी येईना, ह्यांना स्पॅनिश येईना.

"पहिल्या रात्री मी राजमा-भात केला. त्यानं ताट बघितलं आणि रडायलाच लागला. त्यांच्याकडेही तेच खातात हो! जेवून उठला आणि मला 'मामी' म्हणाला. मी म्हटलं, बरं, मामी तर मामी. महिन्याभरानं कुणीतरी सांगितलं, त्यांच्या भाषेत मामी म्हणजे आई."

तो तीन सीझन त्यांच्याकडे होता. पुढे वरच्या पायरीवर गेला, गाव बदललं. मग काका गेले. मुलगा तोवर सिंगापूरला बँकेत स्थिरावला होता. त्यानं आईला इकडे आणलं. डावरा मात्र कुठल्याही गावी असला तरी रविवारी फोन करायचा.

आमचं शनिवारचं टेबल ठरून गेलं. वाद घालायला मी आणि ऐकून न घ्यायला काकू. मी फायनान्समधला माणूस. दोन महिन्यांत मला बेसबॉलचे आकडे खेळापेक्षा जास्त कळायला लागले. मी फोनवर डावऱ्याची आकडेवारी काढायचो आणि म्हणायचो, "काकू, वेग कमी होतोय त्याचा. सत्तावीस म्हणजे यांच्यात म्हातारा. आता नाही जात तो वर."

"वेग काय करायचाय? त्याला चेंडू कुठे टाकायचा ते आता कळायला लागलंय."

"मग तो उंच पोरगा बघा, विशीतला. काय जोर आहे!"

"जोर उसना असतो. दोन वर्षांनी बघा त्याचं."

त्या उंच पोराच्या बाबतीत काकू साफ चुकल्या. तो पुढच्याच वर्षी मोठ्या लीगमध्ये गेला आणि तिथे टिकला. मी आठवण करून दिली की त्या म्हणायच्या, "शाळेतही माझं असंच व्हायचं. ज्याला ढ म्हणावं तो कलेक्टर." पण डावऱ्यावरून त्या तसूभर हलायच्या नाहीत.

कॉफी शॉपमधल्या चिनी अंकलनं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. तो लांबूनच ओरडायचा, "आंटी, टुडे युवर सन विन ऑर लूज?" काकू हसून हात हलवायच्या. एकदा त्यांचा खरा मुलगा नेमका शेजारी होता. तो कप तसाच ठेवून वर निघून गेला.

एका जानेवारीत काकू ब्लॉकखालच्या बाकावर बसल्या होत्या. मी ऑफिसहून येत होतो. त्यांनी हातानं मला थांबवलं. फोन स्पीकरवर होता. डावरा मोडक्या, शांत इंग्रजीत बोलत होता. त्याच्या गावच्या एका शाळेनं मुलांना बेसबॉल शिकवायला बोलावलं होतं. पक्की नोकरी होती, आईजवळ राहायला मिळणार होतं. खांदा दुखतो म्हणाला, सकाळी उठल्यावर हात सरळ होत नाही म्हणाला. आणि मग त्यानं विचारलं, "मामी, मी खेळणं थांबवू का?"

समोरच्या रस्त्यावरून एक बस येऊन गेली.

"वन मोर इयर," त्या म्हणाल्या. "ओन्ली वन."

"ओके, मामी," तो म्हणाला. फार सहज म्हणाला.

आणि ते वर्ष खरंच त्याचं निघालं. एप्रिल, मे, जून. चेंडू जिथे टाकायचा तिथे पडू लागला. मी आकडे उघडायचो आणि मिटायचो, वाद घालण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. जूनच्या शेवटी एका पहाटे काकूंचा मला फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "बोलावलं. त्याला वर बोलावलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लिटल इंडियातून आणवलेली बर्फी घेऊन खाली आल्या. अंकलनं चहाचे पैसे घेतले नाहीत. मुलगाही आला होता. टेबलापासून जरा दूर, ऑफिसच्या कपड्यांत, उभाच. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर भलंमोठं स्टेडियम दिव्यांनी झगमगत होतं. सातव्या इनिंगला डावरा बाहेर आला. तीन जण समोर आले, तिघंही बाद झाले. काकूंनी पूर्ण वेळ पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. संपल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "झालं? खरंच झालं?"

"झालं, आई," मुलगा म्हणाला. त्यानं बर्फीचा एक तुकडा उचलला आणि एमआरटी स्टेशनकडे निघाला.

पुढच्या आठवड्यात डावऱ्याला पुन्हा चेंडू मिळाला. दुसऱ्याच फलंदाजाला फेकताना त्याचा हात मधेच कसा तरी झाला. चेंडू कुठल्या कुठे गेला. तो खाली वाकला आणि उजव्या हातानं डावा कोपर धरून तसाच उभा राहिला. मैदानावर माणसं धावली. आमच्या मागच्या टेबलावर कुणीतरी नूडल्स मागवत होतं. काकूंनी फोन पालथा ठेवला.

कोपराचं ऑपरेशन झालं. सीझन संपल्यावर संघानं त्याला सोडून दिलं. तिशीकडे झुकलेल्या, फाटल्या कोपराच्या पिचरला दुसरं कोण घेणार? शाळेतली ती जागा तोवर दुसऱ्या कुणाला मिळाली होती. संघानं सोडल्याची बातमी काकूंना मीच वाचून दाखवली, कारण त्यांनी त्याचे फोन घेणं बंद केलं होतं.

"का घेत नाही, काकू? त्याला बरं वाटेल."

"काय बोलू? त्यानं मला विचारलं होतं. मी सांगितलं."

"अहो, तो तसाही खेळलाच असता."

"मग मला विचारलं कशाला?"

त्या पुढे म्हणाल्या, "मी मास्तरीण होते. कितीतरी आईबापांना सांगितलं असेल, काढू नका शाळेतून, अजून एक वर्ष द्या. सांगायला सोपं असतं. वर्ष त्यांचं जायचं, आपल्या खिशातून काही जात नाही. याचं तर वर्षही गेलं आणि हातही. मला मोठं मैदान बघायचं होतं हो. मलाच."

मी म्हटलं, बघितलंत ना. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

पुढच्या सीझनला त्या खाली आल्या नाहीत. पायांवर सूज असायची, धाप लागायची. हृदय थकलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. दोनदा नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी मी भेटायला गेलो तेव्हा उशीशेजारी ठेवलेला फोन वाजत होता. रविवार होता.

"आई, उचलू?" मुलानं विचारलं.

काकूंनी मान हलवली. नको. फोन वाजून वाजून थांबला.

नंतर आम्ही दोघं खाली कॅन्टीनमध्ये गेलो. इतक्या वर्षांत तो माझ्याशी धड बोलला नव्हता. त्या दिवशी आपण होऊनच म्हणाला, "तो माझ्या खोलीत राहायचा, माहितीय? माझ्या कॉटवर. सुट्टीत घरी गेलो की मी हॉलमध्ये झोपायचो. मी शाळेत असताना पोहायचो. चांगला पोहायचो. कोच घरी आला होता, म्हणाला, अजून एक वर्ष द्या, बघू कुठे जातो. बाबा म्हणाले, इंजिनिअरिंगचं बघ. आई काहीच म्हणाली नाही." त्यानं कागदी कप हातात चेपला. "मला एक वर्ष कुणी दिलं नाही आणि त्याला दिलं म्हणून ती आता झुरतेय."

"तुम्ही हे बोललात त्यांच्याशी?"

"आता?" तो म्हणाला.

काकू त्या आठवड्यातच गेल्या, दुपारच्या वेळी. मी ऑफिसात होतो. मुलाचा दोन ओळींचा मेसेज आला. पोचलो तेव्हा खोली रिकामी करून झाली होती.

नंतर महिन्याभरानं तो मला कॉफी शॉपमध्ये भेटला. आपण होऊन समोर येऊन बसला. आई गेल्याचं सांगायला त्यानं डावऱ्याला फोन लावला होता. लावायचा की नाही यात बरेच दिवस गेले, असं त्यानंच सांगितलं.

"काय म्हणाला?"

"आधी रडला. मग म्हणाला, मुलगी झालीय. चार महिन्यांची आहे. तेच सांगायला फोन करत होता इतके दिवस. त्याला कशाचाच राग नव्हता हो. म्हणाला, त्या एका रात्री आमचा सगळा गाव टीव्हीसमोर होता, माझी आई देवासमोर दिवा लावून बसली होती. म्हणाला, मामीनं सांगितलं नसतं तर ते झालं नसतं. टायरच्या दुकानात काम करतो आता. हात अजून पूर्ण उघडत नाही. पण बोलताना हसत होता."

काकूंना हे ऐकायला मिळालं नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते मोठ्यानं म्हणण्यात अर्थ नव्हता.

"शेवटी त्यानं विचारलं," मुलगा म्हणाला, "मामी जाताना माझ्याबद्दल काही बोलली का?"

"आणि?"

"आई शेवटचे दोन दिवस कुणाशीच बोलली नव्हती. शुद्धच नव्हती."

"मग काय सांगितलंत?"

तो रस्त्याकडे बघत होता. "सांगितलं, हो, बोलली. म्हणाली, माझा मुलगा फार चांगला खेळला."

मग तो उठला. त्या दिवशी शनिवार होता, ऑफिस नव्हतं. तरी तो झपाझपा चालत स्टेशनकडे गेला आणि बराच वेळ मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.